चोवीस प्यादी, एक बदली

"हरण्यात काय मोठं? येत्या आठवड्यात हरून दाखवतो!" वाल्मीक तायडे भुसावळला बायकोसमोर छाती फुगवून असं बोलून आला, आणि तिथंच त्याची साडेसाती सुरू झाली.

सांगतो, नीट ऐका. साल अठ्ठ्याऐंशी. वाल्मीक साक्रीच्या एका सरकारी कचेरीत कारकून, त्याची कुंदा भुसावळला शाळेत मास्तरीण. लग्नाला दीड वर्ष झालेलं आणि दोघं एकत्र राहिले ते जेमतेम चाळीस दिवस, त्यातलेही सहा एसटीत गेलेले. वाल्मीकला भुसावळची बदली हवी होती. पण अर्ज धनसिंग राजपूत साहेबांच्या टेबलावर सहीवाचून पडलेला. शेवटी हेडक्लार्क रुपचंदनानांनी पानाला चुना लावता लावता गुपित फोडलं, "सायेब बुद्धिबळमा जितना का सही व्हस, भाऊ. हारना का बठ्ठा अर्ज कपाटमा." म्हणजे सही हवी तर साहेबांशी हरायचं.

साहेबांचं बुद्धिबळ पण जगावेगळं. एका बाजूला राजा, वजीर, हत्ती, उंट, घोडे असे सगळे बडे मोहरे, प्यादं औषधालाही नाही. दुसऱ्या बाजूला एकटा राजा आणि त्याच्यापुढं तीन रांगा प्यादी, चोवीस. बडे मोहरे अर्थातच साहेबांचे. साहेबानं प्यादी घेतली तर कचेरीची शिस्त काय राहील? वाल्मीक मनातून हरखला. वजिरापुढं प्याद्यांची काय टाप!

सोमवारी दुपारच्या सुट्टीत पट मांडला. वाल्मीकनं पहिलंच प्यादं वजिराच्या तोंडी दिलं. साहेबांनी ते झोकात मारलं. पण बाजूच्या प्याद्याला आता वजीर आयता तिरका सापडला होता. वाल्मीक गुपचूप दुसरीच खेळी करायला गेला, तर साहेबांनी त्याचं मनगट धरलं.

"तायडे, माझा वजीर मरतोय. दिसत नाही?"

"नाही दिसलं, साहेब."

"मुद्दाम हरणारा माणूस मला खपत नाही. अशांना मी थेट अक्कलकुव्याच्या डोंगरात पाठवतो. मार."

मारला बिचाऱ्यानं. मग डोकंच वापरायचं नाही असं ठरवून तो प्यादी नुसती पुढं ढकलत सुटला. आता प्यादी घेणाऱ्यानं तेवढंच तर करायचं असतं! साहेबांचे हत्ती अडले, घोडे गुदमरले, आणि एकेक प्यादं शेवटच्या घरात पोचून वजीर व्हायला लागलं. डब्यातले वजीर संपले तेव्हा साहेबांनी स्वतः टाचण्यांची डबी वजीर म्हणून मांडली, मग दौतीचं झाकण, शेवटी कचेरीचा गोल शिक्का. जो शिक्का अर्जावर उमटावा म्हणून हा सगळा खटाटोप, त्याच शिक्क्यानं साहेबांच्या राजावर मात केली.

साहेबांनी शिक्का उचलून टेबलावर जागच्या जागी ठेवला. मग म्हणाले, "उद्या परत."

आषाढ गेला, श्रावण गेला, पोळा झाला. वाल्मीकनं नाना उपाय केले. तापाचं सोंग आणलं, उपाशीपोटी खेळला, एकदा तर धीर करून मोहरेच मागितले, तेव्हा साहेब आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत. साहेब खेळायचेच इतकं भिकार, की त्यांच्याशी हरायला अंगात वेगळीच हुशारी लागे. ती वाल्मीकजवळ नव्हती.

दिवाळीच्या तोंडावर साहेबांनी त्याला आत बोलावलं.

"तायडे, तुझा अर्ज काल नीट वाचला. नवरा इकडं, बायको तिकडं, हे बरं नाही. पण तुझ्यासारखा गडी मला सोडवत नाही रे. म्हणून शिक्षण खात्यातल्या मेव्हण्याला सांगून तुझ्या मंडळींचीच बदली साक्रीला करून घेतली."

भुसावळच्या एसटीतून कुंदा उतरली ती ट्रंक, वळकटी आणि रॉकेलचा स्टो घेऊन. वाल्मीक लगबगीनं पुढं झाला, कसंनुसं हसला. कुंदानं स्टो त्याच्या हातात दिला आणि त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"अहो, लोकांचे नवरे न शिकता हरतात. तुम्हाला चार महिने रोज सराव करूनही जमलं नाही?"