डावेराव-उजवेरावांस शेक दिल्याची हकीकत

श्रीपादरक्षक उभयतां प्रसन्न. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, भाद्रपद मास, पाऊस हटेना, ते समयी मातुःश्री आक्कासाहेब सूनबाईंस बोलल्या की, "शीतल, बूट म्हंजे लेकरू न्हवं. त्यास्नी शेक दिऊ नगंस." शीतलबाईसाहेब रसायनशास्त्रात पदवी पावलेल्या, हसून म्हणाल्या, "अहो आई, ओलं ते उबेनं वाळतंच," आणि ऐकले न ऐकले केले. राज्य दोन खोल्यांचे. राजे रणजितराव ओढ्यापलीकडे लोखंडाच्या भट्टीवर चाकरीस, वितळला रस साच्यांत ओतावा हे काम, आणि पायी कातड्याचे बूट, डावेराव व उजवेराव, ऐसे इमानी सरदार की ठिणगी उडाली तर आधी त्यांनी झेलावी. एके सांजेस ते सरदार राजांच्या पायी ओढा तुडवून चिंब होऊन आले. मग बाईसाहेबांनी तान्ह्या युवराजांस तेल चोळून न्हाऊ घातले, शेगडीत ओवा टाकून शेक दिला, आणि युवराज निजले, आणि बाईंस मायेचे भरते आले, आणि हातास तेल उरलेच होते, मग तेच सरदारांस चोळून त्याच शेगडीशी बसविले. सकाळी सरदार खडखडीत! बाई मोठ्या तोऱ्यात. मग राजे स्वारीस गेले, आणि ताठरल्या कातड्यास बोटांपाशी भेग पडली, आणि रसाचा थेंब तीतून आत शिरला.

राजे लंगडत परतले. बाईंस रडू आवरेना. राजे म्हणाले, "अगं, एवढुसा तर फोड! युवराजांच्या दाताएवढा." आक्कासाहेबांनी पुसिले, "व्हय गं, ओव्याची धुरी बी दिलीस काय त्यास्नी?"

"दिली, आई," म्हणता म्हणता बाईंस हसू फुटले.

मग नवे सरदार नेमिले आणि नवा कायदा जाहला: चिखल लागलीच पुसावा, नाडी सैल करून पोटी वर्तमानपत्र कोंबावे, तें भिजले की बदलावे, वाऱ्याशी सावलीत ठेवावे, शेगडीचे दर्शन घडू नये, पुरते वाळल्यावरच पॉलिश, आणि ओल्या कातड्यावर रस पडता वाफ उसळते, सबब अर्धे ओले सरदार स्वारीस धाडू नयेत.

एवंच, सरदार सुखरूप तर राजे सुखरूप. परंतु आज ओढा भरला आहे, राजे दुसऱ्या पाळीस गेले आणि फोन उचलीत नाहीत, आणि बाईंच्या मांडीवर युवराज. तरी वाचणारांनी भट्टीवरून जाणे झाल्यास आत डोकवावे, राजांचे पाय कोरडे आहेत का तेवढे पाहावे. बाईंनी विचारले, ऐसे मात्र सांगू नये.