फ्रेम आधी, मासा नंतर

घोषणा मीच केली होती, तीही खंडेनवमीच्या भर पंगतीत. "मामा, यंदा मी भाल्यानं शिकार करणार. खोल समुद्रात, श्वास रोखून, माझ्याएवढा मासा!"

आमचे पूर्वज चारशे वर्षांपूर्वी भाला घेऊन बेंगळुरात आले. मी जे. पी. नगरात लॅपटॉप घेऊन बसतो. या घसरणीबद्दल माझे सासरे, म्हणजे नीरजाचे वडील रघुजीमामा, दर सणाला हळहळतात. म्हणून मी बालीची तिकिटं काढली होती आणि रबराच्या ताणावर भाला सोडणारी बंदूकही घेतली होती. आईनं सकाळीच ती देव्हाऱ्यात पूर्वजांच्या भाल्याशेजारी मांडून पुजली होती.

"फोटो आणा, जावईबापू! भिंतीवर लावू!" मामा गरजले.

दुसऱ्या दिवशी मामा सुताराला घेऊन हजर! भिंतीवर परत टांगलेल्या भाल्याखाली तीन फुटांची रिकामी फ्रेम ठोकलीसुद्धा. "पुढल्या रविवारी सगळे भाऊबंद जेवायला येतायत. फोटो बघायला."

झालं! मासा नाही मिळाला तर भाऊबंदांत नाक कापलं जाणार. आणि बुडालो, तर फ्रेम तयारच होती. फक्त हार आणायचा बाकी!

सर्जापूर रोडवरच्या मेहुण्याच्या सोसायटीत, स्विमिंग पूलमध्ये मी दोन मिनिटं श्वास रोखायला शिकलो होतो. पण पूलला तळ असतो हो! बालीच्या समुद्रात खाली निळं, त्याखाली आणखी निळं. बोटीचा कप्तान मादे याला बंदुकीवरचं हळदकुंकू भलतंच आवडलं. त्यानं स्वतःचंही एक फूल वाहिलं, हात जोडले आणि कॅमेरा घेऊन माझ्यामागं पाण्यात उतरला.

तिसऱ्या बुडीला मासा आला. ट्यूना! माझ्याएवढा म्हणालो होतो ना? माझ्याहून मोठा! हा भाल्याला अडकला तर दोरीसकट मला ऑस्ट्रेलियापर्यंत ओढत नेणार, याबद्दल मला काडीची शंका उरली नाही. परत फिरावं म्हटलं, तर डोळ्यांसमोर ती फ्रेम. डोळे मिटले आणि चाप ओढला.

फट्!

रबर तुटलं. भाला हातभर पुढं गेला आणि मान खाली घालून लोंबकळत राहिला. माशानं भाल्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. आणि चक्क जवळ यायला लागला!

बोटीत कसा चढलो ते आठवत नाही. नाक कापलं गेलं होतं खरं, पण नाक सोडून बाकी सगळा मी शाबूत होतो! सुटलो रे देवा! दहावी पास झालो तेव्हाही इतकं हलकं वाटलं नव्हतं.

रविवारी मादेनं काढलेला फोटो फ्रेममध्ये चढला. वीस भाऊबंद माना उंचावून पुढं सरसावले. मामांनी चष्मा लावला.

"मासा राजबिंडा आहे. पण हे कोपऱ्यात काय?"

"पाय, मामा."

"कुणाचे?"

"तुमच्या जावयाचे. परत येतानाचे."

मामांनी चष्मा काढला. मग खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "आलात ना? सरी, ठीक आहे, तेवढं पुरे! फ्रेम ठोकल्यापासून नीरजा माझ्याशी बोललेली नाही. लेक रुसली की बापाला जेवण जात नाही हो!"

मी स्वयंपाकघरात आलो. आई मटण वाढत होती.

"आई, नवंकोरं रबर तुटलं कसं गं?"

"तेलानं. पूजेनंतर तीन दिवस चोळून लावलं, मग पुसून ठेवलं."

"अगं, रबराला तेल लावतात का? खराब होतं!"

"ठाऊक आहे की, यशा. कुकरची रिंग अशीच गेली होती माझी." आईनं शांतपणे डाव रश्शात बुडवला. "शस्त्रांना तेल लावायचं काम आपल्यात बायकांचं. चारशे वर्षं लावतोय, म्हणून तर घराणं शिल्लक आहे!"

 पुढच्या नवमीला तेलाची बाटली मीच आणून देणार आहे. स्वल्प, म्हणजे जराशी, मोठीच!