आफ्रिकन माशांना पेणचा डोंगर

अख्ख्या रोहा तालुक्यात पाणी कळणारा माणूस एकच, आणि तो मी! धाटावच्या कंपनीत मी बॉयलर सांभाळतो. कुणाच्या बापाने शिकवलेलं नाही. चटके खात स्वतः शिकलो. त्यामुळे निसीमकाकांनी माशांचा विषय काढताच मी छातीवर थाप मारली. "काका, मासे मला द्या. त्या हैबतरावाला दिलेत तर माशांचे तळतळाट लागतील!"

निसीमकाका वरसे गावात आमच्या शेजारच्या खोलीत राहायचे. लेक शीरा इस्रायलला, आता तेही कायमचे निघालेले. खाट गेली, पंखा गेला, लोणच्याच्या बरण्या गेल्या. राहिले फक्त आफ्रिकन मासे. सिक्लिड म्हणतात त्यांना. एक निळा, एक पिवळी, बाकीचे पट्ट्यापट्ट्यांचे. आकार बोटाएवढा, पण रुबाब असा की सातबारा त्यांच्याच नावावर! प्रत्येकाला स्वतःची वेगळी कपार लागते. दुसऱ्याने नुसतं डोकावलं तरी मारामारी! पहिल्या दिवसापासून मला ते आवडले. माझ्याच स्वभावाचे होते.

आणि हैबतराव? बिल्डिंगचा अध्यक्ष. कुणी निवडलेला? त्याने स्वतःच! त्याच्या टाकीत गोल्डफिश. पाण्यात सोडलेले बटाटेवडे नुसते!

"हे बघ गोपाळ," काका म्हणाले, "मी तिकिटाच्या कामाला मुंबईला चाललोय. ही किल्ली घे. कुंडलिकेतले दगड आण, धू, कपारी होतील असे रच. मग मासे तुझ्या घरच्या टाकीत हलव. पिवळी हल्ली बाहेरच येत नाय, तिला सांभाळून काढ. मी आलो की बघेन. मासे मजेत दिसले तर तुझे. नायतर हैबतराव तयारच हाय."

दगड! आफ्रिकेहून आलेल्या पाहुण्यांना नदीतले काळे दगड? आमची सोयरीक पेणची आहे हो! माझा मेहुणा महिपती गणपतीच्या कारखान्यात बसतो. त्याचा हात असा की नुसता उंदीर केला तरी मांजर थबकेल. मी तडक पेण गाठलं.

"महिपती, डोंगर पायजे. आत गुहा. पाण्यात ठेवायचाय."

"पाण्यात ठेवायचाय?" महिपतीचे डोळे चमकले. "मग भावजी, काळजीच सोडा! असा करून देतो की नाव काढाल."

आणि खरंच, काय डोंगर केला! कडे, सुळके, गुहा, वर हिरवळ, एका बाजूला चक्क धबधबा! मी तो मांडीवर घेऊन रोह्याच्या एसटीत बसलो.

नागोठण्याला एक म्हातारी चढली. डोंगर बघून तिने हातच जोडले.

"देव कुठं हाय रे बाबा?"

"देव नाय आजी. यात मासे राहणार हायत."

"मत्स्यावतार गो बाय!" म्हातारी ओरडली आणि अंबाड्यातलं फूल काढून तिने थेट शिखरावर वाहिलं! मग काय, अख्खी एसटी डोंगराच्या पाया पडली. कंडक्टर डोळे मिटून पुटपुटला आणि डोळे उघडल्यावर म्हणाला, "डोंगराचं अर्धं तिकीट लागेल." मी संतापाने लाल! पण भांडायला हात मोकळे कुठे होते?

दुसऱ्या दिवशी पहाटे डोंगर आमच्या घरच्या टाकीत बसवला, काकांच्या टाकीतलं पाणी आणि मासे त्यात सोडले. निळ्याने लगेच सगळ्यात मोठी गुहा बळकावली. पिवळी गाल फुगवून कोपऱ्यात बसली. खायला टाकलं तर ढुंकून पाहीना.

"हिला गालगुंड झालंय की काय?" माझी बायको सुहासिनी म्हणाली.

"माशांना गालगुंड? रुसली असेल. तू रुसतेस तेव्हा अशीच दिसतेस!" एवढं बोलून मी शिफ्टला पळालो.

दुपारी परतलो तर सुहासिनी दारातच उभी. "तुमची टाकी बघा."

टाकी कुठली! कॅन्टीनच्या चहाचं पातेलं! डोंगर नाही, सुळका नाही, धबधबा नाही. मधूनच एक निळी शेपटी दिसायची आणि गडप व्हायची. वर म्हातारीचं फूल तेवढं तरंगत होतं!

मी धावत कोपऱ्यावरच्या बूथवरून पेणला फोन लावला. "महिपती! डोंगर विरघळला!"

"सगळा?"

"सगळा!"

"बघा!" पलीकडून आनंदाचा चीत्कार आला. "पाण्यात जाणार म्हणालात म्हणून मुद्दाम नुसत्या शाडूचा केला! प्लास्टरचा कण नाय. आमच्या हातचं काम पाण्यात उरलं असं कुणी म्हणालं ना भावजी, तर मी धंदा बंद करीन!"

मी फोन आपटला. पिढ्यानपिढ्या ज्यांनी विसर्जनासाठीच हात चालवला, त्यांच्याकडे मी घर बांधायला गेलो होतो!

काका संध्याकाळी येणार. मी चिखलात कोपरापर्यंत हात घालून मासे वेचले आणि चांगल्या पाण्याच्या बादलीत टाकले. तिथे गुहा नाही म्हटल्यावर निळा प्रत्येकावर तुटून पडला! बादली नव्हे, ग्रामपंचायतीची सभा झाली!

"वेगळे ठेवा!" सुहासिनी ओरडली. निळा कुकरमध्ये, एक डब्यात, एक कळशीत, पिवळी दुधाच्या तपेलीत. भांडी संपली. सुहासिनी मागायला शेजारी गेली. नेमकी कुठे? हैबतरावाच्या घरी! पातेल्याच्या मागोमाग हैबतराव स्वतः हजर.

"काय गोपाळराव, आज माशांचा बेत?"

"हैबतराव, तोंड सांभाळा!"

"नाय, पाणी तुमचा विषय ना? म्हणून बघायला आलो." असं म्हणत त्या इसमाने कुकरचं झाकण उचललं. निळा याच क्षणाची वाट बघत होता! त्याने जी उडी मारली ती थेट हैबतरावाच्या सदऱ्यात!

"चावला! चावला! मेलो!" अध्यक्ष महाशय आमच्या स्वयंपाकघरात गरागरा नाचायला लागले. सदरा वर, बनियन खाली! मी निळ्याला पकडतोय, सुहासिनी मला पकडतेय, एवढ्यात कळशी लवंडली, ती मी पायानेच अडवली, आणि दारात आवाज आला.

"गोपाळ?"

निसीमकाका! हातात पिशवी, डोक्यावर टोपी, तोंडाचा आ. मी निळ्याला कुकरमध्ये कोंबलं आणि बोलायला सुरुवात केली. महिपतीवर बोललो, शाडूवर बोललो, कंडक्टरवर, हैबतरावावर, अगदी आफ्रिकेवरसुद्धा बोललो! काका ऐकतच नव्हते. ते दुधाच्या तपेलीवर वाकले होते.

पिवळीने तोंड उघडलं. एक काळा ठिपका बाहेर आला. मग दुसरा. मग ठिपकेच ठिपके!

"चिखल ओकतेय बिचारी," मी म्हणालो.

"पोरं हायत ती, गाढवा!" काकांचा आवाज फुटला. "किती वर्षं वाट बघितली मी! माझ्याकडे एकदापण झाली नाय!" डोळे पुसून ते माझ्याकडे वळले. "या जातीची आई पोरं तोंडात वाढवते. किती दिवस अन्नाचा कण घेतला नसेल! हिचं घर विरघळलं, हिला चिखलातून ओढली, तपेलीत घातली, तरी हिने तोंड उघडलं नाय. आणि तू? मी आल्यापासून मिटलंयस काय?"

हैबतराव खदखदून हसला. त्याच्या बनियनमधून पाणी गळत होतं.

"पोरं इथं सुटली, आता हलवायची नाय," काका म्हणाले. "मासे याच घरात राहतील. पण ते तुझे नाय, सुहासिनीचे. सुहासिनी गो, दगड तू निवड. हा वाहून आणेल. आणि गोपाळ, या माशांबद्दल तू तोंड उघडायचं नाय. कबूल?"

मी मान डोलावली. तोंड उघडायची सोयच नव्हती!

काका गेले. आता टाकीत कुंडलिकेचे काळे दगड आहेत, आणि पिवळीची पोरं कपारींवरून आईबापासारखीच भांडतात. लोक बघायला येतात. सुहासिनी त्यांना समजावून सांगते, मी चहा करतो. हैबतराव दर रविवारी मुद्दाम येऊन विचारतो, "काय गोपाळराव, पाणी कसं काय?" आतमध्ये बॉयलर फुटायला येतो, पण मी गप्प! दिला शब्द पाळणारा माणूस आहे मी.

मात्र लिहायचं नाही, असं काका काही म्हणाले नव्हते!