चढावरचा सत्कार

एका जंगलात एक ट्रक होता. जंगलात ट्रक कुठून आला, असं विचारू नका, मुलांनो. राजाच्या दारात वस्तू येत असतात. त्या कुठून आल्या हे विचारणाऱ्याचं पुढे काय झालं, ती गोष्ट निराळी आहे आणि ती झोपण्यापूर्वी सांगत नाहीत.

ट्रक मात्र झकास होता. रंग निळा. पाठीवर पाण्याची भलीमोठी टाकी आणि टाकीपुढे बसायला बाकडी. गियर हातानं टाकायचे, क्लच पायानं दाबायचा. ज्याचे पाय क्लचपर्यंत पोचतील असा प्राणी जंगलात एकच निघाला. झिपरू अस्वल.

झिपरूला गाडी चालवायला त्याच्या मामानं शिकवलं होतं. मामानं त्याला सपाट माळावर एकदाही चालवू दिलं नाही. सारखा चढावर न्यायचा आणि म्हणायचा, "सपाटीवर काय, दगडसुद्धा ड्रायव्हर असतो." झिपरू चांगला शिकला. स्वभावानंही चांगला होता. फक्त कोणी कौतुक केलं की त्याचे कान लाल व्हायचे आणि मग त्याला दुसरं काही ऐकू यायचं नाही. हा दोष लहान आहे, मुलांनो. मोठी माणसं याच्यावर आयुष्य काढतात.

त्या वर्षी डोंगरावरच्या माळाचा झरा आटला. खाली नदी होती, पण नुकती जन्मलेली पाडसं आणि गुडघे गेलेली म्हातारी सांबरं एवढा डोंगर उतरून पुन्हा चढणार कशी? झिपरूची धाकटी बहीण भिवरी वरच राहायची. तिला दोन पिल्लं होती. तिनं एका घारीबरोबर निरोप धाडला, "दादा, पोरं सकाळी दगडावरचं दव चाटतात. आता दवही कमी पडायला लागलंय."

झिपरूनं ट्रक काढला. हत्तींनी सोंडेनं टाकी भरून दिली. तो निघणार, एवढ्यात तरसराव धावत आले.

तरसराव हे महाराजांचे सचिव. महाराज म्हणजे वाघ.

"असा कसा निघालास?" तरसराव म्हणाले. "ही महाराजांची जलयोजना आहे. महाराजांशिवाय जलयोजना गेली, तर ते नुसतं पाणी होईल."

मग महाराज बाकड्यावर बसले. महाराज आले म्हणून बंदोबस्ताचे प्रमुख गवेसाहेब आले. रानगव्याचं वजन तुम्हाला माहीत आहेच. ते चढले तेव्हा ट्रकनं खाली मान घातली. तरसराव शेवटी चढले आणि "चला" म्हणाले.

घाटाचा रस्ता म्हणजे नावाला रस्ता. सुटा मुरूम, पावसानं पाडलेल्या घळी, मध्येच नारळाएवढे धोंडे. झिपरूनं पहिला गियर टाकला आणि ट्रक एका चालीत वर नेऊ लागला. घाई नाही, धसका नाही. इंजिन एका सुरात घुमत होतं. मामा म्हणायचा, अशा चढावर गाडी चालती आहे तोवर चालती ठेव. एकदा थांबलास की तुझी आणि डोंगराची ओळख होईल.

अर्धा घाट झाला. चढ सगळ्यांत उभा झाला. आणि नेमकी तिथेच, रस्त्यावर, हिरव्या फांद्यांची कमान उभी होती. कमानीखाली मोरपंत हार आणि मोबाइल घेऊन उभे होते. दरबाराची प्रसिद्धी ते सांभाळत.

तरसरावांनी टपावर थाप मारली. "थांबव!"

झिपरूनं खिडकीतून मान काढली. "साहेब, इथं नको. इथं थांबलो तर हा भरलेला ट्रक परत उठायचा नाही. वर पोचू द्या, मग हवं तेवढं थांबू."

"वर काय दिसणार? वर सपाट आहे. फोटोत चढ दिसला पाहिजे."

"साहेब, पोरं तहानलेली आहेत हो."

"अरे, सत्कार महाराजांचा नाही," तरसराव म्हणाले. "कठीण चढावर न थांबता गाडी चालवल्याबद्दल तुझा सत्कार आहे."

झिपरूचे कान लाल झाले. पाय आपोआप ब्रेकवर गेला.

सत्कार छान झाला. मोरपंतांनी हार घातला. महाराजांनी झिपरूला एक लाल काठाची टोपी दिली. न थांबण्याचं महत्त्व या विषयावर महाराज बराच वेळ बोलले. झिपरू टोपी सावरत हसत होता. टाकीतलं पाणी आतल्या आत हेंदकाळत होतं, पण ते त्याला ऐकू आलं नाही.

मग सगळे परत गाडीत बसले. मोरपंतही बसले. झिपरूनं हँडब्रेक सोडला, क्लच सोडला. ट्रकनं एक गचका खाल्ला, इंजिन बंद पडलं आणि ट्रक मागे घसरला. मागे दरी होती. झिपरूनं दोन्ही पाय ब्रेकवर रोवले. ट्रक थांबला तेव्हा त्याच्या पाठीवरचे सगळे केस उभे होते.

दुसऱ्यांदा त्यानं जोरात रेस दिली. मागची चाकं जागच्या जागी फिरली, मुरूम उडाला, चाकांखाली खड्डे पडले. क्लच जळाल्याचा वास सुटला.

"काय करतोय हा?" महाराजांनी विचारलं.

"गियर चुकला असेल, महाराज," तरसराव म्हणाले.

"कितवा आहे?"

"पहिला आहे, महाराज," झिपरू म्हणाला.

"एकूण किती असतात?"

"पाच."

"मग एवढ्या मोठ्या चढाला पहिला? कंजूषपणा करू नकोस. पाचवा टाक."

सगळ्यांनी माना डोलावल्या. झिपरूनं खाली उतरून चाकांमागे मोठे दगड लावले आणि हात जोडले. "महाराज, वजन फार झालंय. आपण सगळे खाली उतरून पंचवीस पावलं चाललात, तर गाडी उठेल."

गवेसाहेबांनी महाराजांकडे पाहिलं. महाराजांनी दरीकडे पाहिलं.

तरसराव हळूच म्हणाले, "महाराज, मुद्दा वजन कमी करण्याचा आहे. कोणाचं, हे त्यानं सांगितलेलं नाही."

झिपरू परत जागेवर जाऊन बसला. मागून भळभळ आवाज आला. आधी त्याला वाटलं, डिझेल गळतंय. मग आरशात दिसलं. टाकीचा नळ पूर्ण उघडा होता आणि पाणी रस्त्यावरून खाली धावत होतं.

तो उडी मारून मागे पळाला. "अहो, पाणी! पाणी कशाला सोडलंत?"

"नदीत पुष्कळ आहे," महाराज म्हणाले. त्यांचा स्वर प्रेमळ होता.

झिपरूनं नळाला हात घातला, तर गवेसाहेबांनी त्याचा हात बाजूला केला. टाकी रिकामी झाली. हलका झालेला ट्रक पुढच्या प्रयत्नात उठला. बाकड्यांवर टाळ्या पडल्या. झिपरू सगळा घाट रडत चढला, पण पाठीमागून ते दिसत नाही.

माळावर सगळे वाट पाहत उभे होते. कोणी भोपळ्याची तुंबडी आणली होती, कोणी पानांचे द्रोण. भिवरीची पिल्लं सगळ्यांच्या पुढे. झिपरूनं नळाला तोंड लावू नका म्हणायच्या आत त्यांनी नळाला तोंड लावलं. आतून फस्स करून हवा आली. धाकट्याला वाटलं, ट्रक त्याच्यावर रागावला. ते आईच्या पोटाशी पळालं.

भिवरीनं टाकीकडे पाहिलं. मग भावाकडे पाहिलं. ती ओरडली नाही.

"दादा," ती म्हणाली, "टोपी छान आहे."

तोवर महाराज एका उंच दगडावर चढले होते. "माझ्या तहानलेल्या बांधवांनो," त्यांनी सुरुवात केली.

महाराजांचं भाषण किती वेळ चालतं हे झिपरूला ठाऊक होतं. त्यानं टोपी काढून धुळीत ठेवली, ट्रकमध्ये बसला आणि घाट उतरला. रिकामी बाकडी खडखड वाजत होती. नदीवर हत्ती होतेच. काय झालं हे कोणी विचारलं नाही. त्याचा चेहरा पाहून त्यांनी टाकी काठोकाठ भरली.

परत कमानीपाशी आला आणि त्याच्या लक्षात आलं की मघाशी ओतलेल्या पाण्यानं तिथं नुसता चिखलाचा राडा झालाय. त्याला थांबायचं नव्हतं. पण चाकं त्या राड्यात शिरली, फिरली आणि ट्रक थांबला. भरलेला. उभ्या चढावर. मागे दरी.

झिपरूनं हँडब्रेक ओढला, पहिला गियर टाकून इंजिन बंद केलं आणि खाली उतरून चाकांमागे दगड लावले. पुढचे धोंडे बाजूला केले. मग कमानीच्या फांद्या ओरबाडून काढल्या आणि चाकांपुढे अंथरल्या. गळ्यातला हारही काढून तिथेच टाकला. फुलांचा उपयोग होतो का, हे त्याला माहीत नव्हतं.

मग तो बसला आणि त्यानं क्लच पूर्ण दाबून इंजिन सुरू केलं. मामाचा आवाज आठवायचा त्यानं प्रयत्न केला. क्लच हळू सोड. अजून हळू. इंजिनाचा आवाज थोडा जड होईल, ट्रकचं नाक किंचित उचलेल. ते झालं की हँडब्रेक सोड. आधी सोडलास तर दरीत जाशील. उशीर केलास तर क्लच जाळशील. आणि रेस देताना असं दे, जसं झोपलेल्या पोराच्या अंगावर पांघरूण घालतोस.

इंजिन जड झालं. नाक उचललं. झिपरूनं श्वास रोखून हँडब्रेक खाली केला.

ट्रक मागे गेला नाही. पुढेही गेला नाही. नुसता थरथरत राहिला. झिपरूला वाटलं, झालं, संपलं. त्यानं रेस एवढीशी वाढवली. खाली फांद्या कडकडल्या. चाकांनी एक फांदी धरली, मग दुसरी. आणि तो अवजड ट्रक, म्हातारं जनावर बसल्या जागेवरून उठतं तसा कण्हत उठला आणि चालू लागला.

झिपरू वर पोचला तेव्हा ऊन कलतं झालं होतं. भाषण नुकतंच संपलं होतं. त्यानं ट्रक वळवून घाटाच्या तोंडाशी, उताराकडे नाक करून लावला आणि नळ उघडला. पाडसं, म्हातारी सांबरं, ससे, सगळे तुटून पडले. भिवरीच्या धाकट्यानं इतकं पाणी प्यायलं की ते तिथेच आडवं झालं. भिवरीनं भावाच्या डोक्यावरचे केस, जिथे टोपी होती तिथले, हातानं सारखे केले. उरलेलं पाणी सगळ्यांनी मिळून खडकातल्या खोलगट हौदात साठवलं.

तेवढ्यात तरसराव तिथे आले आणि चौकशी सुरू झाली. महाराजांना सोडून गाडी नेली. शासकीय कमान मोडली. सत्काराचा हार चाकाखाली घातला. आणि सगळ्यांत गंभीर म्हणजे, पाणी समारंभानंतर पोचवलं.

"काही म्हणायचंय?" महाराजांनी विचारलं. त्यांच्या मिशांवरून पाणी ठिबकत होतं. त्यांचं सगळ्यांच्या आधी पिऊन झालं होतं.

"नाही," झिपरू म्हणाला.

झिपरूला तिथल्या तिथे कामावरून काढलं. निर्णय चोख झाला. मग महाराज, गवेसाहेब, मोरपंत ऐटीत बाकड्यांवर जाऊन बसले आणि बराच वेळ बसून राहिले. ड्रायव्हर नाही हे कोणाच्या तरी लक्षात आलं.

"आता उतारच आहे," तरसराव म्हणाले. "उताराला ड्रायव्हर कशाला?"

ते स्वतः पुढे बसले. त्यांचे पाय काही क्लचपर्यंत पोचेनात. पण त्यांनी गियर काढून टाकला, कारण गियरमुळे गाडी अडते हे त्यांनी सकाळीच पाहिलं होतं. मग त्यांनी हँडब्रेक सोडला.

"साहेब, गियरमध्ये घ्या! पहिल्यात!" झिपरू मागे धावत ओरडला.

"तू आता कर्मचारी नाहीस," तरसरावांचा आवाज आला. तो वळणावरून आला. पुढचा आवाज त्याहून खालच्या वळणावरून आला, पण त्यात शब्द नव्हते.

घाबरू नका, मुलांनो, मोठ्या लोकांना फारसं लागत नाही. ट्रक घाट उतरला, काठ ओलांडून थेट नदीत शिरला आणि दरवाज्यापर्यंत बुडून थांबला. महाराज बाकड्यावरून उडून कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले. मोरपंतांचा पिसारा चिंब झाला. तरसराव टपावर चढले, त्यांनी अंग झटकलं आणि घसा साफ केला.

"महाराज," ते म्हणाले, "जलयोजना पाण्यापर्यंत पोचली."

गवेसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या.

झिपरू माळावरच राहिला. हौदातलं पाणी सगळ्यांनी जपून वापरलं. ते संपत आलं, तोवर पिल्लांच्या आणि पाडसांच्या पायांत बळ आलं होतं. म्हाताऱ्यांना आधार देत सगळे सावकाश घाट उतरून नदीवर आले आणि तिथेच राहिले. ट्रक अजून पाण्यात उभा आहे. भिवरीची पोरं त्याच्या टपावरून नदीत उड्या मारतात. दरबारात नव्या ट्रकसाठी ड्रायव्हर शोधणं चालू आहे. पाय क्लचपर्यंत पोचायची अट आता काढली आहे.

तात्पर्य : चढावर गाडी अडली, तर आधी पाणी ओतून द्यावं, पाहुण्यांना उतरवू नये. पाणी पुन्हा भरता येतं. पाहुण्याचा मान एकदा खाली उतरला, की तो परत वर चढवेल असा गियर अजून कोणत्याही ट्रकला बसवलेला नाही.