अनंतराव मुंगसाचा बहुउपयोगी कॉम्प्युटर

एका जंगलात, मुलांनो, वीज होती. कशी आली ते विचारू नका. काजव्यांचं एक मंडळ होतं, ते पुरवायचं. दर गुरुवारी काजवे दमायचे, म्हणून गुरुवारी वीज बंद असायची. एकंदरीत जंगल चांगलंच सुधारलेलं होतं.

त्या जंगलात अनंतराव नावाचा एक मुंगूस राहत असे. तो सर्पनियंत्रण कार्यालयात हेडक्लार्क होता. पूर्वी मुंगसं साप धरत. आता साप अर्ज करत आणि मुंगसं त्यावर शेरा मारत. कार्यालयाचे साहेब स्वतः अजगर होते. हसू नका, तुम्हीही मोठेपणी नोकरी कराल तेव्हा कळेल.

अनंतरावाचा एक जिवाभावाचा मित्र होता, बाळकृष्ण साळिंदर. दोघं एकाच वारुळाशेजारी वाढले. विटीदांडू एकत्र खेळले, मार एकत्र खाल्ला. मग नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, बाळकृष्ण टेकडीपलीकडे राहायला गेला. भेटी उरल्या त्या बारशाच्या नाहीतर बाराव्याच्या.

एक दिवस बाळकृष्णाचा फोन आला.

"अंत्या, दसऱ्याला जोडीचं मैदान आहे. व्हिडिओ गेमचं. खेळाचं नाव 'नदीपार'. एकाने होडी वल्हवायची, दुसऱ्याने सुकाणू धरायचं. उतरू या आपण?"

"ह्या वयात?"

"ह्याच वयात. पुढच्या वयात पडदा दिसायचा नाही."

अनंतरावाच्या शेपटीचे केस फुलले. दसऱ्याला तीन महिने होते. दोघांनी आपापल्या घरी यंत्र घ्यायचं आणि दर शनिवारी दुपारी चार ते सहा सराव करायचा, असं ठरलं. वेलींचं नेटवर्क टेकडीपलीकडे पोचत होतं, त्यामुळे एकाच होडीत बसायला अडचण नव्हती. अनंतराव फार खूश झाला. मैदान जिंकलं नसतं तरी त्याला चाललं असतं. जुना मित्र आठवड्यातून दोन तास परत मिळणार होता ना!

दुसऱ्याच दिवशी तो वानराच्या दुकानात गेला.

"दोन प्रकार आहेत, साहेब," वानर म्हणाला. "हा कन्सोल. टीव्हीला जोडायचा, बटण दाबायचं, खेळत बसायचं. आणि हा गेमिंग कॉम्प्युटर. आत ग्राफिक कार्ड, तीन पंखे, बाहेर सात रंगांचे दिवे."

"नदीपार कशावर चांगलं चालतं?"

"दोन्हींवर चालतं. पण कॉम्प्युटरवर बाकीचंही सगळं होतं. कन्सोलला खेळण्याशिवाय काही म्हणजे काही येत नाही."

अनंतरावाने कन्सोलचा कंट्रोलर उचलला. तो पंजात असा बसला, की माप घेऊनच केला असावा. मुंगसाला तो मनापासून आवडला. तरी त्याने तो खाली ठेवला.

का ठेवला? सांगतो. त्या जंगलात एक जुनी रीत होती. हौसेची वस्तू घेताना हौस म्हणायची नाही, सोय म्हणायची. झोपाळा आणायचा तो 'आईच्या गुडघ्यांसाठी', आणि त्यावर बसायचं आपण. मोठा टीव्ही आणायचा तो 'बातम्यांसाठी'. 'मला खेळायचंय' असं सांगून खेळणं आणलेला एकही गृहस्थ त्या जंगलात सापडला नसता.

त्यातून अनंतरावाची बायको नलिनीबाई. मनाने अगदी चांगली, पण कुठल्याही बाबतीत तिचा पहिला प्रश्न ठरलेला असे. अनंतराव तिला बघायला गेला होता, तेव्हाही आत जाऊन तिने आईला तोच विचारला होता म्हणतात. पण ही ऐकीव गोष्ट आहे.

"कॉम्प्युटर घ्यावा म्हणतो," अनंतराव जेवताना म्हणाला.

"उपयोग काय त्याचा?"

"अगं, उपयोगच उपयोग! घरबसल्या अर्ज भरता येतील. दाखले काढता येतील. तुझ्या महिला मंडळाच्या नोटिसा छापता येतील. पत्रिका म्हणू नकोस, फलक म्हणू नकोस."

"मग घ्या की. विचारता काय?"

इकडे टेकडीपलीकडे बाळकृष्णाने बायकोला सरळ सांगितलं, "वैजू, मला खेळायला एक खेळणं हवंय." वैजयंतीबाईंचे काटे उभे राहिले. दोन दिवस घरात अबोला होता आणि दोन दिवस आमटीत मीठ नव्हतं. तिसऱ्या दिवशी कन्सोल आला.

"अंत्या, खरं सांगून टाकायचं," तो फोनवर म्हणाला. "दोनच दिवस लागतात."

"तुला डोकं नाही, बाळ्या," अनंतराव म्हणाला. "माझ्याकडे अबोला नाही की काही नाही. उलट तिने नारळ फोडला."

खरंच फोडला होता. कॉम्प्युटरच्या खोक्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं. झेंडूचा हार घातला होता. हारातली एक पाकळी पंख्यात गेली आणि दिवसभर फडफडत राहिली. धूळ बसू नये म्हणून नलिनीबाईंनी वर क्रोशाचं झाकणही घातलं. त्यातून सात रंगांचा उजेड झिरपायचा आणि फार शोभायचा.

पहिला शनिवार आला. पावणेचारला अनंतराव हात चोळत खुर्चीवर बसला. तेवढ्यात दारात घोरपडआजी.

"अनंता, तुझ्याकडे दाखले निघतात म्हणे."

"कोण म्हणालं?"

"टिटवी म्हणाली. तिला तुझ्या बायकोने सांगितलं. मला बाई, मी जिवंत असल्याचा दाखला हवाय. पेन्शन अडलीय."

"आजी, तुम्ही माझ्यासमोर बसला आहात."

"ते तुला दिसतंय रे. सरकारला कुठे दिसतंय?"

आजींचा अंगठा यंत्राला पटेना. खवल्यांवर रेघाच उमटेनात. डावा झाला, उजवा झाला, मग पायाचे झाले. घोरपड एकदा चिकटली की सुटत नाही, हे तुम्हाला शाळेत शिकवलंच असेल. आजी साडेसहाला उठल्या. जाताना त्यांनी अनंतरावाला तोंडभर आशीर्वाद दिला आणि पुढच्या शनिवारी बहिणीला घेऊन येते म्हणून सांगितलं.

दोन तास टेकडीपलीकडे बाळकृष्णाची होडी एकाच जागी गोल गोल फिरत होती.

दुसऱ्या शनिवारी आजी बहिणीला घेऊन आल्या. त्यांच्या मागे घुबडगुरुजी होते. ते निवृत्त झाले होते आणि त्यांनी आत्मचरित्र लिहिलं होतं. "टाइप करून हवंय," ते म्हणाले. "छोटंसंच आहे, चारशे पानं. मी सांगत जातो, तू बडवत जा." पहिलं पान त्यांच्या पणजोबांपासून सुरू होत होतं.

तिसऱ्या शनिवारी रानडुक्करदादा आले. त्यांना वाढदिवसाचा फलक हवा होता, वर 'भावी वनाध्यक्ष', खाली शुभेच्छुकांचे सत्तावीस फोटो. "आमचे सुळे जरा लहान करा," ते म्हणाले. "चेहरा प्रेमळ आला पाहिजे." अनंतराव दोन तास सुळे घासत बसला.

पुढे पुढे बिळाबाहेर रांगच लागायला लागली. रांग बघून एका कोल्ह्याने तिथे चहाची टपरी टाकली. टपरी बघून आणखी मंडळी यायला लागली. अजगरसाहेबांच्या कानावर गेलं, तेव्हा त्यांनी अनंतरावाला केबिनमध्ये बोलावलं.

"घरी कॉम्प्युटर आहे म्हणे?"

"हो साहेब."

"छान. म्हणजे आता तुला रविवारी काम टाळायला काही कारण उरलं नाही," साहेब म्हणाले आणि पुन्हा वेटोळं घालून झोपले.

नलिनीबाईंची तर कॉलर ताठ झाली होती, म्हणजे त्यांना कॉलर असती तर झाली असती. "आमच्या ह्यांना नाही म्हणता येत नाही," त्या सगळ्यांना सांगत. कुणालाही नाही त्याच म्हणत नव्हत्या, ही गोष्ट वेगळी.

दर शनिवारी चारला बाळकृष्णाचा फोन येई.

"अंत्या, येतोस ना?"

"पाचच मिनिटं, बाळ्या. एवढा जातीचा दाखला संपवतो."

सहाला फोन बंद होई. मधल्या वेळात होडी बुडू नये म्हणून वैजयंतीबाई दुसरा कंट्रोलर हातात धरून बसत. "भावोजी येईपर्यंत धरते हो नुसता," त्या म्हणत. त्या आधी नुसता धरत, मग एखादं बटण दाबत. आठव्या शनिवारी त्या बाळकृष्णाला ओरडून म्हणाल्या, "अहो, डावीकडे घ्या, खडक दिसत नाही का?"

नवव्या शनिवारी अनंतरावाने हिंमत केली. दाराला 'बंद' अशी पाटी लावली. क्रोशाचं झाकण बाजूला केलं आणि 'नदीपार' सुरू केलं. पडद्यावर निळं पाणी आलं, होडी आली. होडीत जायला त्याने बटणावर पंजा ठेवला.

मागचं दार उघडून नलिनीबाई आत आल्या. मागे महिला मंडळाच्या चार जणी होत्या.

"अहो, हे काय? तुम्ही खेळताय?"

मुलांनो, ही वेळ होती. एक 'हो' म्हणायचं होतं. तुम्ही म्हटलं असतं. पण तुम्ही हेडक्लार्क नाही.

"छे! कॉम्प्युटर तपासतोय," अनंतराव म्हणाला. "मधूनमधून तपासावा लागतो."

"तपासून झाला ना? मग ह्यांचं भोंडल्याचं पत्रक घ्या."

अनंतरावाने होडी बंद केली आणि पत्रक घेतलं.

दुसऱ्या दिवशी बाळकृष्णाचा फोन आला. तो रागावलेला नव्हता, हेच वाईट होतं.

"अंत्या, उद्या नावं द्यायची शेवटची तारीख आहे."

"दे की माझं."

"तू एकदाही होडीत बसला नाहीस रे. वैजूचं देऊ का?"

अनंतरावाने मनात हिशेब केला. तिने आठ शनिवार होडी सांभाळली होती, आणि त्याने काय केलं होतं, तर रानडुकराचे सुळे घासले होते. नाही म्हणायला त्याला तोंडच नव्हतं.

"दे," तो म्हणाला.

दसऱ्याचा दिवस उजाडला. मैदानावर भला मोठा पडदा लागला, पिपाण्या वाजल्या. सगळं जंगल लोटलं होतं. तिथे अनंतराव मात्र नव्हता. सकाळीच संयोजक आले होते. "प्रमाणपत्रं तुमच्याकडेच छापायची," ते म्हणाले. "एवढं करा, समाजाचं काम आहे." तेव्हा अनंतराव घरी क्रोशाच्या झाकणाशेजारी बसून होता. लांबून आरडाओरडा ऐकू येत होता. शेवटी टिटवी उडत आली आणि तिने निकाल ओरडून सांगितला.

अनंतरावाने टाइप केलं, 'विजेती जोडी : श्री. बाळकृष्ण साळिंदर आणि'. पुढे त्याचा पंजा हलेना.

"काय झालं? चुकलं का काही?" नलिनीबाईंनी विचारलं.

"नाही. बरोबर आहे. इथे माझं नाव यायचं होतं."

आणि मग त्याने सगळं सांगितलं. होडी सांगितली, नऊ शनिवार सांगितले, कंट्रोलर पंजात कसा बसला होता तेही सांगितलं. सांगताना त्याचे डोळे भरून आले. नलिनीबाई ऐकता ऐकता खाली बसल्या.

"म्हणजे हे एवढं धूड तुम्ही खेळायला आणलं?"

"हो."

"मग तोंडाने बोलायला काय झालं होतं?"

"बोललो असतो तर?"

"नाही म्हटलं असतं मी."

"बघ!"

"दोन दिवस," नलिनीबाई म्हणाल्या. "तिसऱ्या दिवशी हो म्हटलं असतं. अहो, दोन दिवस तर नाही म्हणायलाच लागतं. लगेच हो म्हटलं तर घर चालेल का?"

अनंतरावाने खुर्ची पुढे ओढली. मग त्याने वैजयंतीबाईंचं नाव नीट टाइप केलं, शुद्धलेखन दोनदा तपासलं आणि प्रमाणपत्र छापलं.

पुढच्या आठवड्यात कॉम्प्युटर घुबडगुरुजींच्या वाचनालयाला भेट गेला, क्रोशाच्या झाकणासकट. त्याच्यामागोमाग रांग गेली. रांगेमागोमाग चहाची टपरी गेली. घोरपडआजींनी तेवढा जुन्या जागी एक दिवस काढला, मग त्याही गेल्या. गुरुजींचं आत्मचरित्र पणजोबांवरच थांबलं आहे आणि ते सध्या दाखले काढतात.

अनंतराव आणि नलिनीबाई वानराकडून कन्सोल घेऊन निघाले. वाटेत टिटवी भेटली.

"अगबाई, नवीन वस्तू! काय उपयोग हो ह्याचा, अनंतराव?"

अनंतरावाने तोंड उघडलं. सवयीप्रमाणे तीन उपयोग जिभेवर तयार होते. डोळ्यांना व्यायाम, बोटांच्या संधिवातावर उपाय आणि एकाग्रता. तो पहिला सांगणार, एवढ्यात नलिनीबाईंनी त्याच्या शेपटीवर पाय दिला.

"काही नाही," अनंतराव म्हणाला. "नुसतं खेळायला आणलंय. दुसरं काही म्हणजे काही येत नाही त्याला."

टिटवीने ती बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्या जंगलात केली. मुंगूस वाया गेला, असं ठरलं. दोन दिवस सगळे त्याला हसले. रानडुक्करदादांनी फलकावरच्या शुभेच्छुकांतून त्याचा फोटो काढायला लावला.

शनिवारी चार वाजले. दारात कोणी आलं नाही. सव्वाचारलाही आलं नाही. फोन वाजला.

"अंत्या, येतोस ना?"

"बसलोय केव्हाचा," अनंतराव म्हणाला. "सुकाणू तू धर, मी वल्हवतो."

पहिल्याच खडकावर होडी आपटली आणि बुडाली. दोघं पोट धरधरून हसले. मागून नलिनीबाई म्हणाल्या, "सरका जरा, मला बघू द्या."

तात्पर्य : उपयोगी वस्तू चुकूनही घरात आणू नये. ती उपयोगाला येते.