सूपभर ज्वारीची रजनी

समजा, तुमचं नाव रजनी आहे. साल एकोणीसशे अडुसष्ट. तुम्ही सुरतेला, कतारगामच्या चाळीत राहता. मोठ्या शाळेसाठी खानदेशातून तुमचा जन्मदाखला मागवलाय. तुम्ही पाकीट फोडता, आणि वडिलांच्या नावापुढे निघतात शेजारचे काका! काय कराल?

रजनीने दाखला उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला. नाव तेच: बन्सीलाल.

वडील, दगाजी, तिला घेऊन तडक शाळेत गेले. सोबत आई आणि साक्षीला बन्सीलालकाकाही होते. दगाजी आणि काका खानदेशातल्या एकाच गावचे, इथे एकाच कापड कारखान्यात लूमवर कामाला.

कारकून मगनभाईंनी चष्मा वर केला. "आमां तो बापनुं नाम बन्सीलाल लख्युं छे. तमे कोण?"

"मीच बाप!" दगाजी म्हणाले.

"कागळमां तो तमे नथी."

"तो कागदावरचा मी," काका मदतीला धावले. "पण खरा मी नाही."

मगनभाईंनी पाण्याचा पेला तोंडाला लावला.

आईने घाईघाईने पिशवीतून आजीचं जुनं पत्र काढलं. घरात वाचणारी एकच, रजनी. तिने खणखणीत आवाजात सुरुवात केली, "'तुम्ही सुरतेला सुखरूप पोचलात, बरं वाटलं. पोर आपण प्रमिलाबाईला सूपभर ज्वारीला विकली आहे. आता तिला आपली म्हणू नका...'" तिने पत्र खाली केलं. प्रमिलाबाई म्हणजे बन्सीलालकाकांची बायको. तिला मूलबाळ नव्हतं.

"मला विकलं?"

आईने तिला जवळ ओढलं. "अवं माय, तुन्हा आगोदर मन्हा दोन लेकरे गयात. म्हणीसन आजीनी तुले सुपमा ठेवं अन् ईकी टाकं. मरण दारशी उनं तर सांगता येवाले पाहिजे, आमन्हा घर लेकरूच नही!"

"आणि पोलीस पाटील जन्म नोंदवायला आला," दगाजी म्हणाले, "तर म्हातारी त्यालाही तेच सांगत बसली, पोर बन्सीलालची. सौदा म्हणजे सौदा."

"मग मला परत कधी घेतलं?"

आईने दगाजींकडे पाहिलं. दगाजींनी काकांकडे. काकांनी पंख्याकडे.

"राहूनच गेलं," दगाजी पुटपुटले.

मगनभाई डोळे पुसत हसत होते. "आ चिठ्ठी जोडी दो, चालशे. पण छोकरीने पहेलां छोडावो!"

घरी येताच रजनीने सूप शिगोशीग ज्वारीने भरलं आणि ती शेजारी प्रमिलामावशीच्या दारात उभी राहिली.

"मावशी, ही घे तुझी ज्वारी. मी आजपासून आईची."

प्रमिलाबाई भाजी निवडत होती. सगळं ऐकून ती हसली, पदराने हात पुसून तिने सूप घेतलं. "बरं बाई. हिशेब फिटला," ती म्हणाली, पण सूप काही खाली ठेवेना. नुसती त्या दाण्यांवरून बोटं फिरवत राहिली.

रजनी दारापर्यंत गेली. थांबली. मग वळून आली, सुपातली मूठभर ज्वारी उचलून तिने फ्रॉकच्या खिशात टाकली.

"एवढी बाकी राहिली," ती म्हणाली आणि भाजी निवडायला मावशीशेजारी बसली.