दुसरे मोहोरेची हकीकत

श्रीगजवदनास आणि कुळस्वामिणीस हात जोडोन, जैसें ऐकिलें तैसें लिहितों. शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासीं राज्यावर अरिष्ट आलें, तें एका जिनगराचे घरावरोन आलें. राजधानीचे पेठेंत येसाजी जिनगर म्हणोन मोहोरा कोरणारा थोर कसबी होता. साठी उलटली आणि हातास कंप सुटला, टांकी धरवेना. मग त्यानें मनीं आणिलें कीं, हात गेला तरी डोळा शाबूत आहे, यंत्राकडोन आकार उतरवावा. बिघडलेल्या प्रिंटरची मोटर काढोन फिरता पाट केला, बाजूनें लेझरची तांबडी रेघ पाडिली, समोर कॅमेरा बसविला आणि संगणकास जोडिला. पाटावर सुपारीएवढा गणपति ठेवावा, पाट फिरावा, रेघ अंगावरोन जावी, आणि पडद्यावर तोच गणपति उभा राहावा. मग त्यावरोन मेणाचा ठसा निघे आणि ठशावरोन रुपें ओततां येई. लोक भंगल्या मूर्ति आणूं लागले आणि येसाजी बहुत संतोष पावला.

हें वर्तमान अंतोपंत कारभारी यांचे कानीं गेलें. एके दिवशीं दोन प्रहरीं पंत स्वतः आले, दार लावोन घेतलें, आणि शेल्यांतून राज्याच्या धनीण राणीसाहेबांची, आज्ञापत्रांवर उमटविण्याची मोहोर काढोन पाटावर ठेविली. बोलिले, "येसाजी, हिची जोड पाहिजे. ही घटकाभरच आमचे हातीं येते." येसाजी म्हणाला, "पंत, राज्यास मोहोर एक. दुसरी करणें म्हणजे..." पंत हांसोन म्हणाले, "म्हणजे काय, तें आम्ही जाणतों. तुमची लेक मैना दक्षिणेकडील गडाखालीं नांदते ना? सुखरूप राहो बापडी." चकाकीवर रेघ ठरत नाहीं, म्हणोन येसाजीनें मोहोरेवर खडूची पूड फुंकरली आणि पाट फिरविला. रेघ एकेक अक्षरावरोन सरके, तैसी पडद्यावर दुसरी मोहोर वाढत जाई. तों त्यास स्मरलें कीं, हरएक किल्लेदारापाशीं पितळेची गुप्त कडी असते, खरे मोहोरेचा उमटा तींत नेमका बसतो. त्या कड्या येसाजीचे बापानें घडविल्या होत्या, आणि कारभाऱ्यांस त्यांचा पत्ता नव्हता. पंत खिडकीबाहेर पाहत होते. येसाजीनें मापाचा एक आंकडा बदलिला आणि मोहोर केसभर मोठी केली.

तिसरे दिवशीं जोड ओतोन तयार जाहली. पंतांनीं दोन्ही मोहोरा तळहातीं घेवोन उलटसुलट पाहिल्या, कांठ बोटानें चांचपला, पुन्हा पाहिला. अखेर "कसब राहिलें आहे हो तुमचें," इतकें बोलोन पंत गेले. मग बायको पुसों लागली, "अहो, तोंड असें कां वाळलें? ताटावरोन उठतां कां?" तरी त्यानें तिजला कांहीं सांगितलें नाहीं. बोलावें तर लेक जाते, न बोलावें तर राज्य जातें, ऐसे आठ दिवस काढिले. नवव्या दिवशीं वर्तमान आलें कीं, दक्षिणेकडील गडावर मोहोरेची आज्ञा गेली, दरवाजे उघडोन गड परक्या फौजेचे हवालीं करावा म्हणोन. किल्लेदारानें उमटा कडीस लाविला, बसला नाहीं, त्यानें आज्ञा घेवोन आलेला जासूद बांधिला आणि दरवाजे अधिक घट्ट केले. जासुदानें पंतांचें नांव सांगितलें आणि पंत कैद जाहले.

मग येसाजी न बोलावितां दरबारीं गेला आणि राणीसाहेबांचे पायीं लोटांगण घालोन म्हणाला, "बाईसाहेब, दुसरी मोहोर मींच केली, आणि केसभर मोठीही मींच केली." राणीसाहेबांनीं पुसिलें, "किल्लेदार त्या दिवशीं कडी लावावयास विसरता, तर?" येसाजीनें कपाळ भुईस लाविलें.

तात्पर्य, गड राहिला, पंत अंधारकोठडींत गेले, आणि येसाजीस अभय मिळालें, यंत्रही त्याजकडेच राहिलें. परंतु पुढें कोणीं साधी कुलपाची किल्ली पाटावर ठेविली, तरी "ही कोणाचे दाराची?" ऐसें पुसिल्याविना त्यानें मोटर चालविली नाहीं. बहुत काय लिहिणें.